युरोपातला वैयक्तिक डेटा बाहेर पाठवताना: आधी शोध, मग करार, सही सगळ्यात शेवटी

मे २०२५ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने टिकटॉकला ५३ कोटी युरोंचा दंड ठोठावला. त्यातले ४८.५ कोटी एकाच कारणासाठी होते. युरोपीय वापरकर्त्यांचा डेटा चीनमधले कर्मचारी दूरून उघडत होते आणि तिथे त्या डेटाला युरोपच्या तोडीचं संरक्षण मिळतं, हे कंपनीला दाखवून देता आलं नाही. डेटा कुठे ठेवला आहे यापेक्षा तो कुठून उघडला जातो, यावर ते प्रकरण बेतलेलं होतं.

बहुतेक कंपन्यांच्या नजरेतून नेमकं हेच सुटतं. सर्व्हर फ्रँकफर्टला आहे ना, मग झालं, अशी समजूत असते. मग एखाद्या ग्राहकाने करार मागितला की कुठून तरी नमुना उतरवायचा, नाव-पत्ता बदलायचा आणि सही करून पाठवायचा. ही उलटी गंगा आहे. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्याच्या, म्हणजे जीडीपीआरच्या, पाचव्या प्रकरणात (कलम ४४ ते ५०) अपेक्षित असलेला क्रम पुढे दिला आहे. तुम्ही डेटा पाठवणारे असा किंवा घेणारे, पायऱ्या त्याच राहतात.

ट्रान्सफर कशाला म्हणायचं

गंमत म्हणजे जीडीपीआरमध्ये या शब्दाची व्याख्याच नाही. युरोपीय डेटा संरक्षण मंडळाने, म्हणजे ईडीपीबीने, आपल्या ५/२०२१ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत तीन कसोट्या दिल्या आहेत. पाठवणाऱ्याला त्या कामापुरता जीडीपीआर लागू असला पाहिजे. त्याने डेटा दुसऱ्या कंट्रोलरला (डेटा कशासाठी आणि कसा वापरायचा हे ठरवणाऱ्याला) किंवा प्रोसेसरला (कंट्रोलरच्या वतीने डेटा हाताळणाऱ्याला) पाठवलेला किंवा पाहायला खुला केलेला असला पाहिजे. आणि घेणारा युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर असला पाहिजे, मग त्याला स्वतःला जीडीपीआर लागू असो वा नसो.

मेख आहे ती दुसऱ्या कसोटीत. युरोपीय कंपनीची कर्मचारी परदेशी बैठकीला गेली आणि तिथून तिने कंपनीच्याच लॅपटॉपवर कंपनीचा डेटाबेस उघडला, तर ते ट्रान्सफर नाही, कारण दुसरा पक्षच नाही. सुरक्षेची जबाबदारी अर्थात कायम राहते. ग्राहकाने स्वतःहून परदेशी दुकानाच्या वेबसाइटवर आपला पत्ता भरला, तर तेही ट्रान्सफर नाही. पण मूळ कंपनी आणि उपकंपनी यांची कायदेशीर नोंदणी वेगळी असेल, तर एकाच लोगोखाली असूनही त्यांच्यातली देवाणघेवाण ट्रान्सफर ठरते. दुसऱ्या कंपनीच्या सपोर्ट इंजिनिअरने बाहेरच्या देशातून दहा मिनिटं ग्राहकाची स्क्रीन पाहिली, फाइल एकही उतरवली नाही, तरी ते ट्रान्सफरच.

प्रवाहांची यादी

विभागप्रमुखांना प्रश्नावली पाठवून ही यादी बनत नाही. ते प्रामाणिकपणे उत्तर देतात, पण त्यांना माहीतच नसतं. त्याऐवजी तीन ठिकाणी आधी हात घालावा. पहिलं ठिकाण हिशेब विभाग: गेल्या बारा महिन्यांत कुठल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना पैसे गेले, ती यादी. दुसरं, लॉगिनच्या नोंदी: कोणत्या देशांतून कुठल्या सिस्टिममध्ये प्रवेश झाला. तिसरं, प्रत्येक पुरवठादाराची सब-प्रोसेसरांची, म्हणजे त्याने पुढे काम सोपवलेल्या कंपन्यांची, यादी, जी बहुधा त्यांच्या वेबसाइटवर असते आणि जी कोणी वाचत नाही.

हमखास सुटणाऱ्या जागाही ठरलेल्या आहेत. सपोर्टची तिकिटं आणि त्यांना जोडलेले स्क्रीनशॉट. एरर मॉनिटरिंगची साधनं, ज्यांत ईमेल पत्ते आणि आयपी नकळत वाहून जातात. खऱ्या डेटाची नक्कल करून बनवलेला टेस्ट डेटाबेस. दुसऱ्या खंडातला बॅकअप. चोवीस तास सेवा देणाऱ्या पुरवठादाराची रात्रपाळी, कारण युरोपात रात्र झाली की तिकीट दुसऱ्या देशातल्या टीमकडे सरकतं. आणि वेबसाइटवरचे ॲनालिटिक्सचे टॅग. २०२२ च्या सुरुवातीला ऑस्ट्रिया आणि फ्रान्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणांनी गूगल ॲनालिटिक्सच्या वापरावर याच मुद्द्यावरून बोट ठेवलं होतं.

यादीत प्रत्येक प्रवाहाची एक ओळ असावी. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्याचं नोंदणीकृत नाव (ब्रँडचं नव्हे), प्रत्येकाची भूमिका, देश, डेटाचे प्रकार, साठवण की फक्त दूरून पाहणं, पुढे कोणाला जातो, कायदेशीर मार्ग, मूल्यांकनाची तारीख आणि आपल्याकडचा जबाबदार माणूस. कलम ३० च्या नोंदवहीत परदेशी ट्रान्सफरची आणि देशाच्या नावाची नोंद तशीही सक्तीची आहे, म्हणून दोन वेगळे तक्ते सांभाळू नका. महिन्याभरात ते एकमेकांशी भांडायला लागतात.

यादी झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: हा प्रवाह हवाच आहे का? टेस्ट डेटाबेसमध्ये बनावट नोंदी टाकल्या, एरर लॉगमधून ईमेल गाळले की काही ओळी पुसल्या जातात आणि त्यांचे करारही टळतात. इतकं स्वस्त पालन पुढे कुठेच नाही.

मार्ग निवडणं

आधी कलम ४५ पाहा: युरोपीय आयोगाने त्या देशाला 'पुरेसं संरक्षण' असल्याचा निर्णय दिला आहे का? जपान, दक्षिण कोरिया, ब्रिटन, स्वित्झर्लंड, न्यूझीलंड, इस्रायल, अर्जेंटिना, उरुग्वे असे देश यादीत आहेत. निर्णय असेल तर वेगळ्या ट्रान्सफर कराराची गरज नाही. पण देशाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. कॅनडाचा निर्णय तिथल्या खाजगी क्षेत्राच्या कायद्याखाली येणाऱ्या व्यावसायिक संस्थांपुरताच आहे. ब्रिटनच्या २०२१ च्या निर्णयात चार वर्षांची मुदतच घातली होती, ती पुढे वाढवावी लागली.

अमेरिकेचं वेगळं आहे. तिथे देशाला मान्यता नाही, तर १० जुलै २०२३ पासून लागू झालेल्या डेटा प्रायव्हसी फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, स्वतःची नोंदणी करणाऱ्या कंपन्यांना आहे. अधिकृत यादीत चार गोष्टी तपासाव्यात: नोंदणी चालू आहे का, करारातली कंपनी आणि यादीतली कंपनी एकच आहे का, कर्मचाऱ्यांचा डेटा पाठवत असाल तर 'एचआर डेटा' त्यात समाविष्ट आहे का, आणि नूतनीकरणाची तारीख. कर्मचाऱ्यांच्या डेटाचा मुद्दा सर्वाधिक वेळा हुकतो. बँकांसारख्या ज्या संस्था अमेरिकी फेडरल ट्रेड कमिशनच्या किंवा वाहतूक खात्याच्या कक्षेत येत नाहीत, त्यांना या योजनेत शिरताच येत नाही.

याआधीच्या दोन्ही व्यवस्था युरोपच्या न्यायालयाने मोडीत काढल्या: सेफ हार्बर ६ ऑक्टोबर २०१५ रोजी, प्रायव्हसी शील्ड १६ जुलै २०२० रोजी. डीपीएफविरुद्धचा अर्ज जनरल कोर्टाने ३ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळला, पण त्यावर अपील झालं आहे. म्हणून करारात एक ओळ आत्ताच घालून ठेवा: डीपीएफ रद्द झालं किंवा नोंदणी संपली, तर सोबत जोडलेली प्रमाणित कलमं (त्यांच्याबद्दल पुढे) त्या क्षणापासून लागू होतील. २०२० मध्ये ज्यांच्याकडे अशी ओळ नव्हती, त्यांच्यावर शेकडो करार नव्याने करायची वेळ आली.

मान्यता नसेल तर कलम ४६. त्यातला रोजच्या कामाचा मार्ग म्हणजे युरोपीय आयोगाने ठरवून दिलेली प्रमाणित करार कलमं, ज्यांना सगळे एससीसी म्हणतात. उद्योगसमूहाच्या अंतर्गत नियमांचा, म्हणजे बीसीआरचा, मार्गही आहे, पण त्याला प्राधिकरणाची मंजुरी लागते, त्यात बराच काळ जातो आणि तो समूहाबाहेरच्या पुरवठादाराला चालत नाही. लहान कंपनीने त्या वाटेला जाऊ नये.

कलम ४९ मधले अपवाद हे अपवादच आहेत. ट्रॅव्हल एजंटने ग्राहकाचं नाव परदेशी हॉटेलला कळवणं कराराच्या पूर्ततेसाठी गरजेचं आहे, ते चालतं. समूहाचं सगळं पेरोल एका परदेशी कार्यालयात एकवटणं या अपवादात बसत नाही. ती सोय झाली, गरज नव्हे. आणि 'संमती घेऊन टाकू' हा तर सर्वांत महाग शॉर्टकट. संमती स्पष्ट हवी, त्या देशात संरक्षण नसल्याचे धोके आधी सांगायला हवेत, ती कधीही मागे घेता येते आणि कर्मचाऱ्याने मालकाला दिलेली संमती मुक्त होती, हे पटवणं जवळपास अशक्य.

एससीसी भरणं

सध्याची कलमं ४ जून २०२१ च्या निर्णयाची, क्रमांक २०२१/९१४. जुन्या नमुन्यांची मुदत २७ डिसेंबर २०२२ रोजी संपली. अजूनही काही करारांना २०१० चा नमुना जोडलेला सापडतो. तो आज निव्वळ रद्दी आहे. पुढे गोंधळ नको म्हणून कायद्याला 'कलम' आणि एससीसीच्या मजकुराला 'क्लॉज' म्हणू.

आधी मॉड्यूल निवडा. एक म्हणजे कंट्रोलर ते कंट्रोलर, दोन म्हणजे कंट्रोलर ते प्रोसेसर, तीन म्हणजे प्रोसेसर ते सब-प्रोसेसर, चार म्हणजे युरोपातल्या प्रोसेसरने बाहेरच्या कंट्रोलरला डेटा परत देणं. भूमिका करारातल्या लेबलवरून नाही, तर वस्तुस्थितीवरून ठरते. पुरवठादार ग्राहकांचा डेटा स्वतःचं उत्पादन सुधारायलाही वापरत असेल, तर तेवढ्या कामापुरता तो कंट्रोलर असतो आणि त्याला मॉड्यूल दोनसोबत मॉड्यूल एकही लागतं. न लागणारी मॉड्यूल मजकुरातून काढून टाका, किंवा कुठली लागू आहेत ते स्पष्ट लिहा. चारही तशीच ठेवून सही केली, तर कोणावर काय बंधन हे कोणालाच सांगता येत नाही. मॉड्यूल दोन आणि तीन वापरली, तर कलम २८ चा वेगळा प्रोसेसर करार लागत नाही. त्याच्या अटी त्यांतच आहेत.

मूळ मजकुराला हात लावायचा नाही. भर घालता येते, पण ती क्लॉजच्या विरोधात जाता कामा नये. व्यावसायिक करारातली नुकसानभरपाईची कमाल मर्यादा इथेच आडवी येते. क्लॉज १२ प्रमाणे ज्याचा डेटा आहे त्या व्यक्तीला मिळणारी भरपाई अशा मर्यादेने कापता येत नाही.

रिकाम्या जागा मात्र भरायच्याच असतात, आणि निम्मे करार तिथेच लंगडे पडतात. क्लॉज ७ मध्ये नव्या पक्षाला नंतर सामील होता येईल का, ते ठरवा. ते ऐच्छिक असलं तरी समूहाच्या करारात ठेवलेलं बरं. क्लॉज ९ मध्ये सब-प्रोसेसरसाठी दरवेळी परवानगी की सर्वसाधारण परवानगी, आणि आगाऊ सूचना किती दिवसांची. आकडाच न टाकलेले करार सर्रास दिसतात. साधारण ३० दिवस ठेवले, तर हरकत घ्यायला वेळ उरतो. क्लॉज १३ मध्ये देखरेख करणारं प्राधिकरण. क्लॉज १७ आणि १८ मध्ये कायदा आणि न्यायालय: मॉड्यूल एक ते तीनसाठी ते युरोपीय सदस्य देशाचेच हवेत, आणि तो कायदा तिसऱ्या पक्षाला, म्हणजे इथे ज्याचा डेटा आहे त्या व्यक्तीला, हक्क देणारा हवा.

परिशिष्ट एकमध्ये डेटाचं वर्णन येतं: कोणाचा, कुठल्या प्रकारचा, संवेदनशील आहे का, एकदाच जातो की सतत, कशासाठी, किती काळ ठेवणार, सब-प्रोसेसर काय करणार. 'मुख्य कराराप्रमाणे' एवढंच लिहिलं तर ते परिशिष्ट रिकामंच. परिशिष्ट दोनमधले सुरक्षा उपाय नेमके लिहावेत, असं नमुन्यातच म्हटलं आहे. 'उद्योगमान्य सुरक्षा' असं लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. त्याऐवजी असं लिहा: साठवणीत एईएस-२५६ एन्क्रिप्शन (डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणं), वाहतुकीत टीएलएस १.२ किंवा वरचं, किल्ल्या कोणाकडे, प्रवेशाचा आढावा किती दिवसांनी, लॉग किती महिने. अर्थात जे खरोखर चालू आहे तेच. परिशिष्ट तीन, सब-प्रोसेसरांची यादी, फक्त मॉड्यूल दोन आणि तीनमध्ये दरवेळी परवानगीचा पर्याय निवडला तरच सक्तीचं आहे.

डेटा गळतीचं एक व्यावहारिक टोक: एससीसी प्रोसेसरला 'विनाविलंब' कळवायला सांगतं, तर कंट्रोलरला कलम ३३ प्रमाणे ७२ तासांत प्राधिकरणाला कळवायचं असतं. मुख्य करारात २४ तासांसारखा आकडा घाला. 'विनाविलंब'चा अर्थ गळतीच्या दिवशी ठरवत बसायला कोणालाच सवड नसते.

आता एक खरोखर अवघड जागा. परदेशातल्या घेणाऱ्यालाच जीडीपीआर थेट लागू असेल, तर? २०२१ च्या निर्णयाच्या प्रास्ताविकाप्रमाणे ही कलमं अशा घेणाऱ्यासाठी बनवलेली नाहीत. मग काहीच नको, असा अर्थ काढणं धोक्याचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये डच प्राधिकरणाने उबरला २९ कोटी युरोंचा दंड केला. चालकांचा डेटा अमेरिकेत जात होता आणि ऑगस्ट २०२१ पासून कंपनीने एससीसी वापरणं सोडलं होतं. घेणाऱ्याला जीडीपीआर लागू असला, तरी ट्रान्सफरचं साधन लागतंच, ही प्राधिकरणांची भूमिका आहे. आमचं मत: अशा वेळी डीपीएफसारखा दुसरा मार्ग मिळाला तर उत्तम, नाहीतर एससीसी करून मोकळं व्हा. अनावश्यक करार केल्याबद्दल दंड झाल्याचं उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

ट्रान्सफर मूल्यांकन

प्रायव्हसी शील्ड मोडीत काढणाऱ्या २०२० च्या निकालाने हे काम पाठवणाऱ्याच्या गळ्यात घातलं आणि क्लॉज १४ ने ते करारात बांधलं. घेणाऱ्या देशातला कायदा आणि तिथली प्रत्यक्ष वहिवाट, दोन्ही मिळून एससीसीतली वचनं पाळणं अशक्य करतात का, एवढाच प्रश्न आहे. उत्तर लेखी ठेवायचं आणि प्राधिकरणाने मागितलं तर द्यायचं. टीआयए (ट्रान्सफर इम्पॅक्ट असेसमेंट) नावाची चाळीस पानांची, प्रत्येक पुरवठादाराला तीच जोडलेली फाइल हे उत्तर नव्हे.

चांगलं मूल्यांकन पाच-सहा पानांत होतं. प्रवाहाच्या ओळीतून वर्णन उचला. मग घेणाऱ्याला सरकारी मागणीचे कुठले कायदे लागू पडतात ते पाहा. देशाला नव्हे, त्या कंपनीला. अमेरिकेतल्या फिसा या परकीय हेरगिरीविषयक पाळत कायद्याचं कलम ७०२ इलेक्ट्रॉनिक संपर्कसेवा देणाऱ्यांना लागू होतं. क्लाउड कंपनी त्यात येते. कारखान्याला सुटे भाग पुरवणारी कंपनी बहुधा येत नाही. मग घेणाऱ्याला लेखी विचारा: आजवर अशा किती मागण्या आल्या, काय दिलं? 'एकही आली नाही' हे उत्तर उपयोगी आहे, पण एससीसीच्याच टिपेप्रमाणे त्याला जाहीर उपलब्ध माहितीचा दुजोरा हवा. नुसत्या शब्दावर भागत नाही. अमेरिकेपुरती एक सवलत आहे: ऑक्टोबर २०२२ च्या कार्यकारी आदेश १४०८६ ने अमेरिकी गुप्तचर संस्थांवर आणलेले बंध एससीसीने पाठवलेल्या डेटालाही लागू आहेत, त्यामुळे युरोपीय आयोगाने डीपीएफसाठी केलेल्या विश्लेषणाचा आधार घेता येतो.

कायदा अडचणीचा निघाला, तर पूरक उपाय. इथे स्वतःची फसवणूक फार सोपी असते. पुरवठादाराच्याच हातात किल्ली असेल, तर एन्क्रिप्शन चोरापासून वाचवतं. सरकारी आदेशापासून नाही. ईडीपीबीच्या शिफारशींत, १८ जून २०२१ च्या अंतिम आवृत्तीत, चालणारे उपाय दिले आहेत: मजबूत एन्क्रिप्शन केलेला बॅकअप, ज्याची किल्ली पाठवणाऱ्याकडेच राहते, किंवा टोपणओळख दिलेला डेटा, ज्याची खरी ओळख सांगणारा तक्ता युरोपातच राहतो. त्याच शिफारशी हेही सांगतात की, अडचणीच्या कायद्याखालच्या क्लाउडला उघडा डेटा वाचावाच लागत असेल किंवा समूहातली परदेशी कंपनी तो दूरून उघडत असेल, तर पुरेसा तांत्रिक उपाय मंडळाला दिसत नाही. मग ते काम तिथे न करणं हाच मार्ग उरतो, हे व्यवस्थापनाला लवकर आणि लेखी सांगावं.

कायदा एवढा टोकाचा नसेल तेव्हा प्रवेश आवळून धोका बराच कमी होतो. तिकिटापुरता आणि दोन तासांपुरता प्रवेश, नाव-फोन झाकलेले रकाने, कॉपी आणि डाउनलोड बंद, प्रत्येक उघडण्याची नोंद युरोपातल्या सर्व्हरवर.

क्लॉज १५ साठी घेणाऱ्याकडे एक पानाची कार्यपद्धती हवी. सरकारी मागणी आली की कोणाला कळवायचं, वैधता कोण तपासणार, हरकत कोण घेणार, कमीत कमी काय द्यायचं, नोंद कुठे. रिसेप्शनवर नोटीस घेणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, तर करारातलं वाक्य पाळलं जाणार नाही.

लोकांना सांगणं

कलम १३ आणि १४ प्रमाणे गोपनीयता सूचनेत डेटा कोणत्या मार्गाने बाहेर जातो आणि त्या संरक्षणाची प्रत कशी मिळेल, ते लिहावं लागतं. टिकटॉकच्या दंडातले उरलेले ४.५ कोटी याच त्रुटीचे होते. 'तुमचा डेटा जगात कुठेही जाऊ शकतो' हे वाक्य सूचना नव्हे. देशांची नावं लिहा. ज्याचा डेटा आहे ती कोणतीही व्यक्ती कराराची प्रतही मागू शकते. व्यावसायिक तपशील झाकलेली प्रत आधीच तयार ठेवा.

इतर देशांचे नियम थोडक्यात

ब्रिटनमधून जाणाऱ्या डेटाला युरोपीय एससीसी एकटी पुरत नाहीत. २१ मार्च २०२२ पासूनचा आयडीटीए हा ब्रिटनचा स्वतःचा ट्रान्सफर करार किंवा युरोपीय कलमांना जोडायची ब्रिटिश पुरवणी लागते. स्वित्झर्लंडमध्ये थोडे बदल करून तीच कलमं चालतात. पण १ सप्टेंबर २०२३ पासूनच्या कायद्यात जाणूनबुजून नियम मोडल्यास अडीच लाख फ्रँकपर्यंतचा दंड मुख्यतः जबाबदार व्यक्तीला होतो, कंपनीला नव्हे.

चीनमध्ये २२ मार्च २०२४ च्या नियमांनी आकड्यांवर गणित बसवलं: साधारण कंपनीने वर्षाच्या १ जानेवारीपासून एक लाखापेक्षा कमी लोकांचा, संवेदनशील नसलेला डेटा पाठवला तर सूट; दहा लाखांपलीकडे किंवा दहा हजार लोकांच्या संवेदनशील डेटावर सरकारी सुरक्षा तपासणी; मधल्यांना प्रमाणित करार किंवा प्रमाणपत्र. ब्राझीलची स्वतःची कलमं आहेत आणि २३ ऑगस्ट २०२५ पर्यंत ती करारांत घालायची होती. भारताच्या २०२३ च्या कायद्यातलं कलम १६ उलट्या दिशेने चालतं, सरकार ज्या देशांवर बंधन घालेल ते सोडून बाकी मोकळं. पण पेमेंटच्या डेटासाठी रिझर्व्ह बँकेची २०१८ ची देशातच साठवण्याची सक्ती वेगळी आहे आणि ती कायम आहे. अमेरिकेनेही ८ एप्रिल २०२५ पासून चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा आणि व्हेनेझुएला यांच्याकडे आपल्या नागरिकांचा मोठ्या प्रमाणातला संवेदनशील डेटा जाण्यावर बंधनं आणली आहेत.

फाइल पुन्हा कधी उघडायची

वर्षातून एकदा तर आहेच. त्याशिवाय सब-प्रोसेसर बदलल्याची ईमेल आली, पुरवठादार कंपनी विकली गेली, सपोर्टची टीम दुसऱ्या देशात हलली, किंवा एखाद्या साधनात नवी एआय सोय आपोआप सुरू झाली, की ती ओळ पुन्हा तपासायची. सब-प्रोसेसरच्या ईमेल एखाद्या व्यक्तीच्या पत्त्यावर येऊ देऊ नका. तो माणूस नोकरी सोडतो आणि हरकतीचे ३० दिवस कोणाच्या नकळत उलटून जातात.

करार संपला की डेटा परत घ्यायचा किंवा पुसल्याचा लेखी दाखला घ्यायचा. दाखल्यात बॅकअपचा वेगळा उल्लेख मागा. मुख्य डेटाबेस त्याच दिवशी पुसला जातो, पण बॅकअप आपल्या चक्राप्रमाणे आणखी काही आठवडे किंवा महिने राहतात. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेला पुसला जाईल ती तारीख दाखल्यात हवी, आणि तोवर यादीतली ती ओळ बंद करायची नाही.